अमावास्येचं आवतन

माझ्या नाकावर राग असतो, असं माझा नवरा म्हणतो. खोटं नाही ते. वॉर्डात कोणी चपला घालून आत आलं की माझा आवाज दवाखान्याच्या गेटपर्यंत जातो. पण त्या वर्षी पितृपक्षाचे पंधरा दिवस मी तोंड शिवून काढले, आणि ते फक्त एका घरासाठी.

मी सरकारी दवाखान्यात नर्स. माहेर मोताळ्याकडचं. नवरा एसटीत कंडक्टर, महिन्यातले अर्धे दिवस बाहेर. बदली होऊन मी सिंदखेडराजात आले तेव्हा हे गाव आपल्या जुन्या भिंती आणि तलाव सांभाळत निवांत पडलेलं होतं. मग दुसरबीडकडून महामार्ग गेला, जन्मस्थळ बघायला येणाऱ्यांच्या गाड्या वाढल्या, आणि कालपर्यंत जिथं कडबा रचायचे तिथं प्लॉटचे दगड रोवले गेले. आमच्या घरमालकालाही स्वप्न पडलं. श्रावणात भाडं घ्यायला आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "सिस्टर, दसऱ्याला खोल्या खाली करून द्या. वरखाली मिळून लॉज काढतो आहे."

भाड्याचं दुसरं घर शोधायचं म्हणजे आमच्या पाचवीला पुजलेली परीक्षा. घरमालकीण आधी हसून चहा देणार. मग आडनाव विचारणार. मग म्हणणार, "आमच्या भाऊजींना विचारून सांगते हो." त्या भाऊजींचा निरोप आजवर मला एकदाही आलेला नाही. इतक्या वर्षांत चार घरं झाली आणि प्रत्येक वेळी माझा सरकारी पगार, माझी नोकरी, माझं इंजेक्शन द्यायचा हलका हात, सगळं त्या एका आडनावापाशी येऊन अडायचं. या खेपेला मी नवऱ्याला सांगून टाकलं, आता भाड्याचं बघायचं नाही. घ्यायचं ते विकत आणि माझ्या नावावर.

विकतचंही सोपं नव्हतं. राजवाड्याजवळची घरं दिसायला छान, पण तिथं पुरातत्त्वाची हद्द, साधं बाथरूम वाढवायचं तरी परवानगी. महामार्गाच्या बाजूचे प्लॉट स्वस्त, पण तिथं अजून नुसतं शेतच होतं, ना रस्ता ना नळ. आणि मग जुन्या गल्लीतलं गुरुजींचं घर विकायला निघालं. गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, शेतकरी घरातले, आता गुडघे धरलेले. मुलगा पुण्यात, तो दोघांना घेऊन जायला निघाला होता. घर तीन खोल्यांचं, स्लॅबचं, पुढं ओसरी, मागं सीताफळाचं झाड, नळ स्वतःचा. दवाखाना चालत दहा मिनिटं.

घर दाखवलं ते गुरुजींच्या बायकोने, काकूंनी. काकूंचं माहेर मेहकरकडचं, त्यामुळे त्यांची बोली माझ्यासारखीच वऱ्हाडी. दुसऱ्या खोलीत जाईपर्यंत आम्ही दोघी गुरुजींचं पुस्तकातलं बोलणं सोडून आपल्या बोलीवर आलो. त्यांनी मला मोरी दाखवली, माळा दाखवला, मग थांबून विचारलं, "घर कोणाच्या नावावर घेसान?"

"माझ्या," मी म्हटलं.

त्यांचा चेहराच उजळला. म्हणाल्या, "हे घर माह्या सासूनं बांधलं. अडत्याकडं शेंगा फोडू फोडू. मरायच्या आधी पोराच्या नावावर नाही केलं, माह्या नावावर केलं. म्हणे, घर बाईच्या नावावर असलं म्हणजे बाईले कोणी बाहेर काढत नाही."

म्हणजे घर काकूंच्या नावावर होतं. सही त्यांची लागणार होती, गुरुजींची नाही. हे मी तेव्हा ऐकलं आणि चांगली गोष्ट म्हणून सोडून दिलं.

भाव ठरला. घासाघीस फार झाली नाही. बँकेचं कर्ज मंजूर होतंच. मी पर्समधून इसाराचं पाकीट काढलं तर गुरुजींनी दोन्ही हात मागं घेतले. "सिस्टर, उद्यापासून पितृपक्ष लागतो. आता संध्याकाळ झाली, आणि पुढचे पंधरा दिवस आम्ही सौदा करत नाही. घट बसले की त्याच दिवशी इसार, दोन दिवसांत रजिस्ट्री. शब्द दिला तुम्हाला."

मी हे दिवस मानत नाही. आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या, आणि श्राद्धपक्ष करायचा नाही ही त्यातलीच एक. पण पाकीट परत पर्समध्ये ठेवलं. अडला हरी, दुसरं काय.

पंधरा दिवस म्हणजे किती, हे मला तेव्हा कळलं. तिसऱ्याच दिवशी गुरुजींच्या समोरच्या किराणा दुकानदाराने जालन्याचं एक गिऱ्हाईक आणलं. त्याला तिथं भाविकांसाठी खोल्या काढायच्या होत्या, आणि तो आमच्यापेक्षा जास्त द्यायला तयार होता. हे मला कोणी सांगितलं? दुकानदारानेच. मी साबण घ्यायला गेले तर सुटे पैसे मोजता मोजता म्हणाला, "सिस्टर, तुम्ही कशाला या गल्लीत अडकता? तुमच्या लोकांची वस्ती तिकडं आहे ना, तिकडं मोकळी जागा आहे." माझ्या जिभेवर जे आलं ते मी गिळलं. साबण घेतला आणि निघाले. घरी येऊन मी तो साबण मोरीत इतक्या जोरात आपटला की नवरा जेवता जेवता उठून आला.

"काऊन वं, काय झालं?" म्हणाला.

"काही नाही. घर घेऊन राह्यलो आपण," मी म्हटलं.

मग रोज काही ना काही कानावर यायचं. गल्लीतली दोनचार माणसं गुरुजींकडं बसून गेली. पुण्याच्या मुलाचा फोन आला, तो म्हणतो जास्त देईल त्याला द्या. गुरुजी सगळ्यांना एकच सांगत होते, शब्द दिला आहे. पण शब्दावर झोप लागते का? दवाखान्यात सलाईन लावताना एका पेशंटची शीर मला दोनदा शोधावी लागली. इकडं घरमालकाने आमच्या दारासमोर विटांचा ट्रक रिकामा करून घेतला होता. दार उघडलं की विटा.

अमावास्येच्या आदल्या दिवशी काकू दवाखान्यात बीपी मोजायला आल्या. बीपी बरं होतं. पट्टा काढत होते तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "उद्या दुपारी आमच्याकडं जेवायले या. आणि सकाळपून काही खाऊ नका बरं, उपाशीपोटी या."

"येते," मी म्हटलं. मला इतकं बरं वाटलं की मी दुसरं काही विचारलंच नाही. नवऱ्याला फोन करून सांगितलं तर तोही म्हणाला, "जेवायले बोलावलं म्हणजे घर पक्कं समज."

चूक इथं झाली, आणि ती माझीच. सर्वपित्रीला शेजारीपाजारी जेवायला बोलावतात एवढंच मला माहीत. पण पितराच्या जागी ज्याला बसवायचं असतं त्याला आदल्या दिवशी आवतन देतात, त्याने आधी काही खायचं नसतं, आणि त्याने एकदा हो म्हटलं की ते ताट त्याचंच, दुसऱ्याला वाढत नाहीत, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. आमच्यात जे शिकवलं ते वेगळं होतं. माझी आजी या दिवसांत गावातल्या मोठ्या घरांच्या मागच्या दारी टोपलं घेऊन उभी राहायची, पितराचं उरलंसुरलं आणायला. माझ्या बापाने एक दिवस ते टोपलं चुलीत घातलं आणि घरात सांगितलं, यापुढं मेलेल्यांच्या नावाचा घास या घरात येणार नाही. आजी दोन दिवस रडली म्हणतात. पण टोपलं पुन्हा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून मी बाराच्या सुमाराला गेले. ओसरीत गल्लीतल्या चार बाया बसलेल्या, त्यात दुकानदाराची बायको. मी सगळ्यांकडं बघून हसले. त्यांच्यातली एकच हसली. आत वड्यांचा, कढीचा वास सुटला होता आणि मला खरंच कडकडून भूक लागली होती.

मधल्या खोलीत एकच पाट मांडलेला होता. समोर भरलेलं ताट. पाटाच्या शेजारी काकूंच्या सासूचा फोटो, भिंतीवरून काढून खाली ठेवलेला. गुरुजी धोतर नेसून बाजूला उभे होते. मला वाटलं, आधी त्यांचं काहीतरी होईल आणि मग पंगत बसेल.

काकू परात आणि तांब्या घेऊन आल्या. "या, सिस्टर. पाटावर उभ्या राहा. आज तुमी आमच्या सासूबाई."

आणि त्या वाकल्या, माझे पाय धुवायला.

खोटं कशाला सांगू. त्या अर्ध्या क्षणात माझ्या मनात आलं, राहा उभी. पाच मिनिटांचं काम आहे. पाय धुतील, जेवशील, गल्लीची तोंडं बंद होतील, परवा घर तुझं. कोणाला कळणार आहे? बापाला जाऊन किती वर्षं झाली. आणि काकूंसारखी बाई, त्या गल्लीत, त्या बायांसमोर माझ्या पायाशी वाकलेली. माझ्या आजीला हे कोणी सांगितलं असतं तर तिने मला वेड्यात काढलं असतं.

पायाला पाण्याचा पहिला थेंब लागला आणि मी पाय मागं घेतला. पाणी फरशीवर सांडलं.

"काकू, थांबा," मी म्हटलं. "मले माहीत नव्हतं हे असं आहे. मी बसू शकत नाही."

काकू वाकलेल्याच राहिल्या. त्यांना नीट कळलं नाही. "काऊन? विटाळ आहे काय?"

"नाही, काकू. आमी श्राद्धपक्ष करत नाही. तसा शब्द देलेला आहे आमी. तुमच्या घरी उद्या जेवते, परवा जेवते, भाकर न् ठेचा वाढा. पण मेलेल्या माणसाच्या जागी मी बसत नाही."

मी हे शक्य तितक्या हळू बोलले. तरी ओसरीत ऐकू गेलं. दुकानदाराची बायको म्हणाली, "घ्या. मान देला तं हे असं."

इतक्या दिवसांचा राग मग तिच्यावर निघाला. मी वळून म्हटलं, "मान कळते मले, ताई. घरासाठी खोटं बसून जेवली असती तं तुमाले चाललं असतं का?" तिने पदर सावरून तोंड फिरवलं. पण मला त्यात काही जिंकल्यासारखं वाटलं नाही, कारण काकू तोवर उठल्या होत्या. त्यांनी तांब्या परातीत ठेवला, परात उचलली आणि माझ्याकडं न बघता स्वैपाकघरात निघून गेल्या.

मी बोलले ते खरं बोलले, आणि तरी मला रडू येत होतं. घर गेलं हे मला तिथंच कळलं होतं. गुरुजी मला दारापर्यंत पोचवायला आले. पंधरा दिवस जो माणूस शब्द दिला आहे म्हणत होता, तो म्हणाला, "बघू सिस्टर. घर तिच्या नावावर आहे." मी चप्पल घातली. समोर दुकानाच्या पायरीवर जालन्याचा माणूस शर्टाच्या बाह्या दुमडून चहा पीत बसला होता.

रात्री नवरा मुक्कामाची गाडी सोडून आला. त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं तो चिडेल, कारण दसरा दहा दिवसांवर आला होता आणि आमच्याकडं जायला जागा नव्हती. त्याने चपला काढल्या, पाणी प्याला आणि म्हणाला, "बसली असती तं मी काही बोललो नसतो. नाही बसली ते बरं केलं." मग बराच वेळ आम्ही दोघं सामान कुठं ठेवता येईल तेच बोलत बसलो.

घट बसले. इसाराला बोलावणं आलं नाही. मी फोन केला नाही, तेवढा स्वाभिमान माझ्यात होता. दिवसभरात तीनदा मोबाईल चार्जिंगला लावला, तो भरलेला असताना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुरुजींचाच फोन आला. "रजिस्ट्रीचं टोकन आधीच घेतलेलं आहे, उद्या अकराचं. तुम्ही या. ती येईल की नाही मला सांगता येत नाही. ती माझ्याशीही बोलत नाही."

आम्ही साडेदहाला रजिस्ट्री ऑफिसच्या व्हरांड्यात जाऊन बसलो. अकरा वाजले. साडेअकराला आमचा नंबर पुकारला, माणसं नव्हती म्हणून मागं टाकला. माझ्या मांडीवर कागदांची पिशवी होती आणि तिचे बंद मी हाताला गुंडाळत होते, सोडत होते. नवरा म्हणाला, चहा घेऊन येऊ काय. मी म्हटलं, गप्प बस. एक वाजता जेवणाची सुट्टी झाली. लेखनिक डबा सोडता सोडता म्हणाला, "मॅडम, पार्टी फिरली असेल. आजकाल रोज फिरतात."

अडीचला रिक्षा आली. आधी गुरुजी उतरले, मग काठी टेकत काकू. त्या माझ्या शेजारून आत गेल्या. मी उठून उभी राहिले होते, पण त्यांनी पाहिलं नाही.

आत साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, राजीखुशीने देता ना, कोणाचा दबाव नाही ना. काकू टेबलावरच्या कागदांकडं बघत राहिल्या. साहेबांनी मान वर केली. गुरुजी टेबलाची कड धरून उभे. साहेबांनी पुन्हा विचारलं.

"ह्यांनी शब्द देलेला आहे," काकू म्हणाल्या. "राजीखुशीनं."

सही झाली. मग अंगठा. त्या मशीनवर काकूंचा अंगठा उमटेना. जन्मभर भांडी घासलेला अंगठा, रेषाच राहिल्या नव्हत्या. एकदा, दोनदा, पाचदा. लेखनिक म्हणाला, नाही आला तर पुन्हा वेगळ्या दिवसाची तारीख. अशा वेळी काय करतात ते मला माहीत आहे, बोट गरम पाण्याने पुसून थोडं चोळायचं. मी रुमाल ओला केला आणि सवयीने त्यांचा हात हातात घेतला, पेशंटचा घेते तसा. त्यांनी तो काढून घेतला. स्वतःच्या पदराने अंगठा पुसला, फुंकर मारली आणि सगळा जोर लावून काचेवर दाबला. हिरवा दिवा लागला.

बाहेर आल्यावर गुरुजींनी किल्ली काकूंकडं दिली. द्यायची तर काकूंच्याच हातून, असं त्यांनी ठरवलं असावं. काकूंनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.

"गल्लीतले म्हणतात मी तुमची परीक्षा पाह्यली. मले कायची परीक्षा पाहायची? पुण्याले सहाव्या मजल्यावर जातो आमी. तिथं कावळा येत नाही. हे शेवटचं ताट होतं सासूबाईचं, त्यांच्याच घरात. मले वाटलं, ज्या बाईच्या नावावर घर चाललं तिनंच जेवावं."

"काकू, मले कोणी सांगितलं असतं तं..." मी म्हटलं.

"सांगितलं असतं तरी तुमी बसल्या नसत्या."

मी मान हलवली. नसतेच बसले.

"आवतन तुमाले देलं होतं, म्हणून दुसरीले बसवता येत नव्हतं. ताट गाईले घातलं मी," काकू म्हणाल्या. "सासूबाई उपाशी गेल्या घरातून."

त्या रिक्षात बसल्या. मी किल्ली धरून उभी होते. मला म्हणता आलं असतं की काकू, मेलेलं माणूस उपाशी राहत नाही. मेलेलं माणूस कुठंच नसतं. मी लहानपणापासून हेच मानत आले, आजही मानते, आणि आज आवतन आलं तरी मी त्या पाटावर बसणार नाही. पण आयुष्यभर भांडखोर म्हणून नाव कमावलेल्या माझ्या तोंडून तेवढं एक वाक्य त्या बाईसमोर निघालं नाही. रिक्षा गेली, आणि मी घर मिळालेली बाई रस्त्यावर रडत उभी राहिले.